पथ्याचें माप

शिवनेरीच्या पायथ्याशीं वसलेलें जुन्नर शिवछत्रपतींच्या जन्मामुळें महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. परंतु याच जुन्नरचें नांव एका लहानशा ग्रंथामुळें आयुर्वेदाच्या इतिहासांतहि टिकून राहिलें आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते. 'वैद्यजीवन' हा तो ग्रंथ, आणि लोलिंबराज हा त्याचा कर्ता. परंपरा त्याला जुन्नरचा रहिवासी मानते. रोगांवरील उपाय त्यानें कोरड्या सूत्रांत न सांगतां आपली प्रिय पत्नी रत्नकला हिला उद्देशून रसाळ संस्कृत श्लोकांत सांगितले, आणि त्यामुळें हा ग्रंथ पिढ्यान् पिढ्या वैद्यांच्या तोंडीं राहिला. ग्रंथाच्या आरंभींच त्यानें पथ्याविषयीं जो विचार मांडला आहे, तो आजहि वैद्यमंडळी वारंवार सांगत असतात. त्याचा आशय असा कीं, पथ्य पाळणाऱ्या रोग्याला औषधाचें प्रयोजन उरत नाहीं, आणि पथ्य न पाळणाऱ्याला औषध देऊन कांहीं साधत नाहीं.

या विचारांत कवीचा थोडा अतिरेक आहे हें उघड आहे. तथापि त्यांत एक अडचणीचा प्रश्नहि दडलेला आहे, आणि त्याचें उत्तर लोलिंबराजानें दिलेलें नाहीं. रोगी पथ्य पाळतो कीं नाहीं, हें वैद्यानें ओळखावें कसें? जुन्या काळीं वैद्य रोग्याला विचारी, रोग्याच्या आईला किंवा पत्नीला विचारी, नाडी पाही, जीभ पाही, आणि मग मनाशीं अंदाज बांधी. रोगी संकोचानें खोटें बोले. आई मायेनें पांघरूण घाली. पथ्य सांगणारें शास्त्र मोठें झालें, परंतु पाळलेलें पथ्य मोजणारें शास्त्र जन्मास यावयास विसावें शतक उजाडावें लागलें. तें शास्त्र कसें वाढलें, आणि लोलिंबराजाच्याच मुलुखांत, म्हणजे जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत, तें लावावयाचें झाल्यास त्याला काय शिकावें लागेल, हा विचार केवळ पंडितांचा नाहीं. हृदयविकार भारतीयांना पाश्चात्त्यांपेक्षां लहान वयांत गांठतो. त्यामुळें ज्या घरांत कर्ता पुरुष ऐन पन्नाशींत छातीवर हात धरून बसतो, त्या प्रत्येक घराशीं या प्रश्नाचा संबंध आहे.

धान्य मोजण्याची कला या भागाला नवी नाहीं. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं बौद्ध लेणीं आहेत. त्यांतील एका शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटानें कोंकणांतून वर येणारा व्यापार येथूनच देशावर उतरे. अशा पेठेंत धान्य मोजणाऱ्यांचा संघ असावा आणि त्याच्या पदरीं लेणें कोरविण्याइतका पैसा असावा, यांत नवल नाहीं. परंतु शिलालेखांत नोंद होते ती दिलेल्या वस्तूची. त्या लेण्यांत राहणारा भिक्षु दिवसाकाठीं काय व किती खात असे, हें दगडावर कोठेंहि कोरलेलें नाहीं. दान मोजणें सोपें, भोजन मोजणें कठीण. हा भेद तेव्हांपासूनचा आहे.

हाच भेद १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत फार क्रूर रीतीनें प्रत्ययास आला. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं आणि मजुराला किती धान्य पुरेल याचा हिशेब मांडला. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुष मजुराच्या मजुरीचें प्रमाण दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम धान्य आणि त्यावर अगदीं थोडी रोकड, इतकें खालीं आणलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं त्यास कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. वाद चालला होता तो पौंड आणि छटाकांचा. परंतु हातांत पडलेलें धान्य मजुराच्याच पोटांत जातें, कीं घरीं उपाशी बसलेल्या लेंकरांत व म्हाताऱ्यांत वाटलें जातें, हें तराजूला कळत नव्हतें. ठरविलेला आहार आणि खाल्लेला आहार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें ध्यानांत न घेतां केलेला हिशेब कागदावर कितीहि चोख असला, तरी माणसाला वांचवूं शकत नाहीं.

विसाव्या शतकांत तराजू कोठारांतून निघून स्वयंपाकघरांत आला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं पिंपळे सौदागर या खेड्याची आणि १९२१ सालीं जातेगांव बुद्रुकची पाहणी प्रसिद्ध केली. प्रत्येक कुटुंबाचें उत्पन्न किती आणि पोटाला लागणारा खर्च किती, हें त्यांनीं घरवार मांडलें. पुढें दक्षिणेंत कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं भारतांतील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना घालून पाहिले. त्यांत शीख आणि पठाण यांच्या आहाराखालोखाल मराठ्यांच्या आहारावरील उंदीर चांगले वाढले. या प्रयोगाचें एक मोठें सुख असें होतें कीं, उंदीर चोरून खात नाहीं आणि खोटेंहि सांगत नाहीं. पुढ्यांत ठेवलेलें वजन करून ठेवतां येतें आणि उरलेलें पुन्हां तोलतां येतें. मॅक्कॅरिसन यांच्यानंतर तेथें आलेल्या ॲक्रॉइड यांनीं १९३७ सालीं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें छापलीं. बाजरी, नाचणी, हुलगा, मटकी यांच्या प्रत्येक तोळ्यांत काय दडलें आहे, हें त्यामुळें प्रथमच एका पुस्तिकेंत सांपडूं लागलें. घरांत जाऊन कच्चा शिधा तोलावयाचा, कोष्टकांतील आंकड्यानें गुणावयाचें आणि जेवणाऱ्यांच्या संख्येनें भागावयाचें, अशी आहारपाहणीची रीत रूढ झाली.

या रीतींतील एक उणीव दाखविण्याचें श्रेय सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांस आहे. संख्याशास्त्रज्ञ म्हणून त्यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत दीर्घकाळ काम केलें, आणि निवृत्तीनंतर पुण्यास येऊन संशोधन चालू ठेवलें. १९७१ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं दारिद्र्याची रेषा ठरवितांना माणशीं दररोज २२५० कॅलरींचें प्रमाण धरलें होतें. सुखात्मे यांचें म्हणणें असें पडलें कीं, एकाच निरोगी माणसाचें खाणें दिवसागणिक बरेंच वरखालीं होत असतें, आणि शरीर कांहीं मर्यादेपर्यंत त्याशीं जुळवून घेतें. म्हणून एका दिवसाच्या मापावरून अमुक मनुष्य अर्धपोटीं आहे असा निकाल देतां येत नाहीं. या मतावर पुढें पुष्कळ वाद झाला. दारिद्र्याच्या प्रश्नांत तो आजहि मिटलेला नाहीं. परंतु पथ्य मोजणाऱ्याला त्यांतील एक धडा निर्विवाद आहे: एक दिवस म्हणजे संवय नव्हे.

येथपर्यंतचा इतिहास पोट भरतें कीं नाहीं हें मोजण्याचा झाला. रक्तांतील कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ वाढला कीं तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सांचतो, हें पटल्यावर निराळें मोजमाप आवश्यक झालें. आतां प्रश्न 'किती खाल्लें' असा न राहतां 'सांगितलेलें खाल्लें काय' असा झाला. कॅनडांतील टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स यांनीं कोलेस्टेरॉल कमी करणारे वनस्पतिजन्य पदार्थ एका आहारांत गुंफले. त्याला 'पोर्टफोलिओ आहार' असें नांव पडलें. त्याचे चार खांब होते: सोयाबीनसारख्या द्विदलांतील प्रथिनें, बदामासारखीं कवचाचीं फळें, जव, ओट, इसबगोल, वांगें व भेंडी यांतील बुळबुळीत तंतू, आणि वनस्पतींतून काढलेले स्टेरॉल. जी भेंडी आपल्याकडे मुलें पानांत टाकतात, तिचा बुळबुळीतपणाच येथें औषध ठरला.

२००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४६ माणसांना महिनाभर ठरीव अन्न पुरविण्यांत आलें. पोर्टफोलिओ आहार घेणाऱ्यांचें एल.डी.एल. नांवाचें घातक कोलेस्टेरॉल शेंकडा २८.६ नें उतरलें. नुसता कमी स्निग्धांशाचा आहार घेणाऱ्यांचें ८ नें, आणि त्याच आहाराला लोव्हास्टॅटिन या औषधाची जोड दिलेल्यांचें ३०.९ नें उतरलें. म्हणजे पुरतें पथ्य आणि औषध यांच्यांत नांवापुरतें अंतर राहिलें. लोलिंबराजाच्या वचनाच्या पूर्वार्धाला याहून चांगली साक्ष मिळणें कठीण. परंतु २०११ सालीं कॅनडांतील चार शहरांत ३५१ माणसांना अन्न न पुरवितां केवळ सल्ला देऊन सहा महिने पाहिलें, तेव्हां तीच उतरण शेंकडा १३ च्या आसपास आली. पथ्य पाळलें गेलें होतें तें निम्म्याहून कमी. आहार तोच, मनुष्यस्वभावहि तोच. फरक पडला तो पाळण्यांत. ज्यांनीं अधिक पाळलें त्यांचें कोलेस्टेरॉल अधिक उतरलें. त्यापूर्वींच्या एका वर्षभराच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली होती. मूठभर बदाम तोंडांत टाकणें लोकांना जमलें. पण सोयाबीन आणि तंतुमय पदार्थ रोजच्या स्वयंपाकांत बसविणें त्या मानानें कमी जमलें. पथ्य मोडतें तें बहुधा चुलीपाशीं, इच्छेपाशीं नव्हे.

पाळलेल्या पथ्याला गुण देण्याची पद्धत यांतूनच निघाली. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं अमेरिकेंतील परिचारिका व आरोग्यव्यवसायी पुरुष यांना अनेक वर्षें खाण्याच्या प्रश्नावल्या पाठविल्या होत्या. अमुक पदार्थ आपण दिवसांतून, आठवड्यांतून किंवा महिन्यांतून किती वेळां खातां, असा त्यांतील प्रश्न. १९८० सालची परिचारिकांची प्रश्नावली ६१ पदार्थांची होती. या उत्तरांवरून पोर्टफोलिओ आहाराचे सहा घटक काढण्यांत आले: द्विदल प्रथिनें, कवचाचीं फळें व तेलबिया, बुळबुळीत तंतू, स्टेरॉल, वनस्पतींतील हितकर स्निग्धांश, आणि उलट गुणांचा सहावा घटक म्हणजे लोणी-मांसासारखे संपृक्त स्निग्धांशाचे व कोलेस्टेरॉलचे पदार्थ. प्रत्येक घटकांत सर्व लोकांचे पांच समान भाग पाडून १ ते ५ गुण द्यावयाचे. एकूण गुण ६ ते ३०. २०२३ सालीं 'सर्क्युलेशन' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत सुमारें २ लाख १० हजार माणसांचा ३० वर्षांपर्यंतचा हिशेब होता. सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचें प्रमाण सर्वांत कमी गुणवाल्यांपेक्षां शेंकडा १४ नें कमी आढळलें.

ही प्रश्नावली जशीच्या तशी जुन्नर-आंबेगांवांत आणली तर काय होईल? या दोन तालुक्यांत दोन निरनिराळीं ताटें आहेत. पश्चिमेस भीमाशंकरापासून नाणेघाटापर्यंत सह्याद्रीच्या कुशींत पाऊस दांडगा. तेथील महादेव कोळी व इतर डोंगरी लोकांच्या ताटांत भात, नाचणी आणि वरई. पूर्वेस मंचर, नारायणगांव, ओतूर या बाजूला देशाचा मुलूख. तेथें बाजरीची भाकरी, हुलगा, मटकी आणि शेंगदाण्याची चटणी. कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं आणि हें पूर्वेकडील ताट बदललें. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें. ज्या गांवानें तालुक्याला नांव दिलें तें गांव गेलें आणि नांव राहिलें. कालव्याच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, कांदा ही नगदी पिकें आलीं. हातांत रोकड आली, आणि पूर्वीं शेतांत पिकणारें धान्य व घाण्याचें तेल यांच्या जागीं दुकानांतील गहूं, साखर आणि डब्यांतील तेल आलें.

अशा घरांत प्रश्नावली घेऊन आलेल्या मनुष्याला पहिला अडथळा होईल तो मासवडीचा. ही या भागाची खास मेजवानी. नांवांत मास असला तरी ती शुद्ध शाकाहारी. आकारावरून तिला तें नांव पडलें. बेसनाचें घट्ट पिठलें ओल्या फडक्यावर थापून त्यांत तीळ, सुकें खोबरें, कांदा, लसूण यांचें सारण भरतात, वळकटी करून वड्या पाडतात, आणि तिखट रश्शाबरोबर बाजरीच्या भाकरीशीं खातात. आतां हिला गुण द्यावे कसे? बेसन म्हणून द्विदलांत, तीळ म्हणून तेलबियांत, आणि खोबरें? खोबरें वनस्पतिजन्य खरें, परंतु त्यांतील स्निग्धांश संपृक्त. तें उलट गुणांच्या बाजूस जातें. एकाच वडींत पथ्य आणि कुपथ्य शेजारीं शेजारीं बसलेलें आहे. ज्याच्या यादींत 'मासवडी' हा शब्द नाहीं, तो ती मांसाहारांत घालील किंवा अजिबात वगळील. हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्यांची गत तीच. टोरांटोच्या यादींत सोयाबीन आहे, हुलगा नाहीं. म्हणून हुलगा खाणारा पथ्यांत नापास ठरावा काय?

दुसरा अडथळा दिवसाचा. एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं 'काल काय खाल्लें' असें विचारलें, तर साबूदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याचा कूट यांची मोठी यादी मिळेल. शेंगदाण्याचे गुण त्या दिवशीं आभाळाला टेंकतील, आणि इतर धान्यांचा मागमूस लागणार नाहीं. सुखात्मे यांनीं सांगितलेली दिवसागणिक होणारी वरखालीं येथें पंचांगानेंच छापून दिलेली आहे. तिसरा अडथळा तेलाचा. भाकरी मोजतां येते, वाटी मोजतां येते. पण फोडणीचें तेल ताटाचें नसून घराचें असतें. महिन्याला किती तेल आणलें आणि किती माणसें जेवलीं, हेंच त्याचें खरें माप. चौथा अडथळा सर्वांत नाजूक. वाढणारी बाई सर्वांच्या ताटांत काय पडलें हें अचूक सांगते, आणि तिचें स्वतःचें ताट मात्र सर्वांच्या मागून, उरलेल्यावर मांडलें जातें. तें कोणीच पाहिलेलें नसतें.

हे अडथळे अलंघ्य नाहींत, याचा पुरावा पुणें जिल्ह्यांतच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानें १९९३ सालीं सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराची पाहणी सुरू केली. सुमारें ८०० स्त्रियांचें खाणें गर्भारपणांत दोन वेळां टिपण्यांत आलें: गेल्या चोवीस तासांत काय खाल्लें, आणि अमुक पदार्थ किती वेळां खाण्यांत येतो, असें दोन्ही रीतींनीं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, एकूण कॅलरी आणि प्रथिनें यांच्या वजनाशीं बालकाच्या जन्मवेळच्या वाढीचा संबंध लागत नव्हता. पण दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळें ज्या स्त्रिया वारंवार खात होत्या, त्यांचीं बालकें अधिक चांगलीं भरलेलीं होतीं. भाकरीच्या तोळ्यांचा हिशेब करून जें सांपडलें नाहीं, तें 'मेथी आठवड्यांतून किती वेळां' या साध्या प्रश्नानें सांपडलें. प्रश्न साधा होता, परंतु तो ज्या बाईच्या ताटाविषयीं होता तिलाच, तिच्या भाजीचें नांव घेऊन विचारलेला होता.

यावरून या दोन तालुक्यांतील पथ्याचें माप कसें असावें, हें बरेंचसें स्पष्ट होतें. सोयाबीनच्या जागीं हुलगा, मटकी, तूर; बदामाच्या शेजारीं शेंगदाणा, तीळ आणि कारळे; ओटच्या जोडीला भेंडी, वांगें आणि इसबगोल. या प्रत्येकाचा रक्तावरील परिणाम सारखाच नसतो, म्हणून ते रक्ताच्या तपासणीशीं ताडून पाहिले पाहिजेत. माप कपांत नको, घरच्या वाटींत व पळींत हवें. विचारणें एका दिवसाचें नको. उपासाचे, सणाचे, सुगीचे आणि पावसाळ्याचे दिवस त्यांत यावे. आणि गुणांची तुलना बोस्टनच्या परिचारिकेशीं नको. पांच समान भागांच्या पद्धतींत माणसाचे गुण त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतात. रोज बाजरी-मटकी खाणारा शेतकरी अमेरिकनांत पहिला येईल आणि आपल्याच वाडींत मधला ठरेल. त्याच्या हृदयाला मात्र या दोन्ही क्रमांकांशीं कर्तव्य नाहीं.

हें सारें सूक्ष्म वाटलें तरी त्यावर एक मोठी गोष्ट अवलंबून आहे. घोडेगांवच्या किंवा जुन्नरच्या दवाखान्यांत एखादा मनुष्य तीन महिन्यांनीं परत येतो, आणि त्याचें कोलेस्टेरॉल उतरलेलें नसतें. त्यानें पथ्य पाळलेलें असून तें पुरेसें पडलें नसेल, तर त्याला वेळेवर औषध दिलें पाहिजे. त्यानें पथ्य पाळलेलेंच नसेल, तर तें त्याच्या घरांत का बसलें नाहीं, हें शोधलें पाहिजे. माप चुकीचें असेल तर पाळणाऱ्याच्या वांट्याला बोलणीं येतात आणि न पाळणाऱ्याला नुसती गोळी मिळते. एकाची हिंमत जाते, दुसऱ्याचा रोग मुळाशीं तसाच राहतो. चालू असलेलें औषध पथ्याच्या भरंवशावर आपण होऊन बंद करणें हें तर साहसच होय. तो निर्णय डॉक्टरांचा.

लोलिंबराजाच्या वचनांत दोन पक्ष आहेत: पथ्य पाळलें तर, आणि न पाळलें तर. समोर बसलेला रोगी या दोहोंपैकीं कोणत्या पक्षांत मोडतो हें ठरविणारें साधन त्याच्या काळीं नव्हतें, आणि तें टोरांटोहून तयार होऊन येणारेंहि नाहीं. तें ज्या घरांत मासवडी थापली जाते त्या घरच्या वाटीनें, आणि ती थापणाऱ्या बाईला आदरानें विचारूनच करावें लागेल.